हप्ता भाडेकरू भरत नसतो

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला भाच्याने एक मेसेज पाठवला. खाली त्याचा प्रश्न होता, "मामा, हे खरं आहे का? रविवारी टोकन द्यायचंय." टोकनचा, म्हणजे फ्लॅटच्या बयाण्याचा वार ठरल्यावर खरं-खोटं विचारणारा तो पहिला नाही, म्हणून रागावलो नाही.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. 'पंचविशीत सुरुवात, चाळिशीत निवृत्ती' असं काहीसं शीर्षक आहे. मजकुराचा गाभा असा: एफडीत पैसे कुजवू नका, बँकेच्या पैशाने फ्लॅट घ्या, भाड्यातून हप्ता जातो. जागेचा भाव कधी पडत नाही, पाच वर्षांत दुप्पट होतो. फ्लॅट झेपत नसेल तर शहराबाहेर गुंठाभर प्लॉट घ्या, सातबाऱ्यावर नाव लागलं की विषय संपला. रेरा नंबर (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) असेल तर डोळे मिटून सही करा. आणि कर वाचतो तो वेगळाच.

मी गुंतवणूक सल्लागार नाही. पुण्यात अठरा वर्षं दस्त आणि भाडेकरार नोंदवून देण्याचं काम करतो. दुय्यम निबंधकांच्या टेबलावरच्या त्या छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो काढताना लोक कसे हसतात ते पाहतो आणि त्यातलेच काही जण चार वर्षांनी फाइल काखोटीला मारून येतात तेव्हाचे चेहरेही पाहतो. त्या बळावर लिहितोय.

भाड्यातून हप्ता जातो, इथून सुरुवात करू. सगळा मेसेज या एका खांबावर उभा आहे.

शहराच्या कडेचा ६० लाखांचा फ्लॅट धरा. इमारत पूर्ण, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला) हातात, म्हणून जीएसटी नाही. (बांधकाम चालू असतं तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का.) बँक ८० टक्के देईल, म्हणजे ४८ लाख. एवढ्या रकमेच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे आणि ती मोजताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी किमतीत धरत नाहीत. ही बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माझ्या खुर्चीसमोर बसल्यावर कळते, मग मेहुण्याला फोन लागतो. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. स्वतःचे १२ लाख धरून खिशातून गेले साडेसोळा. पंखे, गीझर, खिडक्यांच्या ग्रिल, किचन ट्रॉल्या अजून धरलेल्याच नाहीत.

मेसेजमधली एक ओळ मात्र बरोबर आहे: बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पण खरेदीदार सगळ्या महिलाच हव्यात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेऊन सवलत मागणारे आठवड्याला दोन तरी येतात.

आता हप्ता. ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं : महिना ४१,६५५ रुपये. भाडं १८ हजार येतं असं धरू, तेही वर्षाचे अकरा महिने, कारण एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला यात महिनाभर जागा रिकामी राहतेच. वर्षाला १ लाख ९८ हजार झाले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजारांप्रमाणे ३६ हजार गेला. स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेणार. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, तरी साडेतीन हजार झालेच. मिळकतकर १२ हजार धरा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला त्यात ४० टक्के सवलत देते, भाडेकरू ठेवला की ती जाते. गळका नळ, रंग, करार नोंदणी, एजंट यांचे मिळून १० हजार. हातात उरतात वर्षाला १ लाख ३६ हजार, महिन्याला साडेअकरा हजारांच्या आत-बाहेर.

हप्ता साडेएकेचाळीस हजार, भाडं साडेअकरा. मधले ३० हजार दर महिन्याला माझा भाचा भरणार. भाडेकरू नाही.

शिवाय पहिल्या हप्त्यातले ३४ हजार निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटतं साडेसात हजारांच्या वर थोडं. व्याजदरही कायमचा नसतो. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. तेव्हा अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि मुदत लांबली, त्यामुळे कुणी ओरडलं नाही. बँकेचं पत्र ड्रॉवरमध्येच पडून होतं.

पुढची ओळ: भाव कधी पडत नाही, पाच वर्षांत दुप्पट. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ १५ टक्के, तेही चक्रवाढीने. असं कधी झालंच नाही का? झालंय. २००० नंतरच्या दशकात पुण्यात ज्यांनी घेतलं त्यांना मिळालं आणि तेच आज भाच्यांना सल्ले देतात. पण २०१३-१४ पासून पुढची पाच-सहा वर्षं ज्यांनी फ्लॅट विकायला काढले, त्यांना विचारा. आणि भाव नुसता चढतच असतो, तर २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारला मूळ मुद्रांक शुल्क (स्थानिक अधिभार सोडून) ५ वरून २ टक्क्यांवर का आणावं लागलं असतं? त्या डिसेंबरात आमच्याकडे रात्री आठपर्यंत रांगा होत्या. माल पडून होता, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती सवलत आली.

वरचाच हिशोब पुढे नेऊ. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला असं धरा. पाच वर्षांनी ६० चे साधारण साडेशहात्तर लाख होतात. ऐकायला छान. कर्ज तेव्हा अजून ४२ लाख ३० हजार बाकी असतं. बँकेचे देऊन हातात राहतात ३४ लाखांच्या आसपास. भाच्याने घातलेले किती? सुरुवातीचे साडेसोळा आणि महिना ३० हजारांप्रमाणे साठ महिन्यांचे १८, म्हणजे साडेचौतीस लाख. मधल्या काळात भाडं थोडं वाढेल, मेंटेनन्सही वाढेल. विकताना एजंटची दलाली आहे, नफ्यावर कर आहे (जुलै २०२४ नंतर घेतलेल्या जागेवर दीर्घकालीन नफ्याला साडेबारा टक्के, महागाईची वजावट न देता). पाच वर्षं राबून जेमतेम घातलेले परत. भाव १० टक्क्यांनी वाढला तर चित्र वेगळं दिसेल, मान्य. पण मग ही भाववाढीवर लावलेली पैज आहे, भाड्याचं उत्पन्न नव्हे, आणि पैज म्हणूनच ती घ्यावी.

भाव खरंच काय चाललेत ते कुणाला विचारायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ई-सर्च आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश दिसतो, त्यात 'मोबदला' असा रकाना असतो. रोखीचा भाग त्यात येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हेही माहीत असू द्या.

आता गुंठ्याच्या प्लॉटकडे येतो. इथे सर्वांत जास्त माणसं बुडतात, तीही साधी.

मागच्या पावसाळ्यात एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. फाइल नीट लावलेली. सगळ्यात वर लॅमिनेट केलेला रंगीत लेआउट : बाग, क्लब हाऊस, ३० फुटी रस्ते आणि ४७ नंबरच्या प्लॉटवर पेनाने केलेला गोल. खाली पैसे दिल्याच्या पावत्या. त्याखाली ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार). म्हणाले, "खरेदीखत करून द्या, विकणारा आता फोन उचलत नाही."

मी त्या गटाचा सातबारा काढला. कब्जेदारांत एक भाऊ आणि तीन बहिणी. कुलमुखत्यारपत्रावर सही एकट्या भावाची, बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच नाही. इतर हक्कांत विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आणि आधीच्या एका व्यवहाराच्या फेरफाराखाली (नावबदलाच्या नोंदीखाली) एकच शब्द : 'तुकडा'. बाईंनी विचारलं, "तुकडा म्हणजे आपलाच प्लॉट ना?"

तुकडा म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या विरोधात केलेला व्यवहार. शेतजमिनीचे प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करून विकता येत नाहीत. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. शहरांलगतच्या निवासी पट्ट्यांसाठी नंतर सवलती आल्या, पण आपला गट त्यात बसतो का हे प्लॉट विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे, झोन दाखल्यावरून ठरतं. त्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घ्यायला कूळकायद्याचं कलम ६३ आड येतं. आणि नोटरीचं म्हणाल, तर १०० रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलेल्या दस्तानेच होते. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. मुखत्यारपत्र देणारा वारला तर तेही सहसा संपतं.

बरं, सातबाऱ्यावर नाव लागलंच, तर? सातबारा हा महसुलाचा कागद आहे, सारा कुणाकडून घ्यायचा त्याचा. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. बारा जणांनी मिळून एक गट घेतला की बारा नावं सामाईक चढतात. पोटहिस्सा मोजून हद्दी कायम होईपर्यंत तुमचा ४७ नंबरचा प्लॉट फक्त त्या लॅमिनेट केलेल्या कागदावर असतो. एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट, मोजणीचा नकाशा, भोगवटादार वर्ग १ की २, मागच्या ३० वर्षांच्या दस्तांचा सर्च, हे पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. वर्ग २ किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विक्रीच्या सरकारी परवानगीशिवाय सगळा डोलारा कोसळतो.

त्या गृहस्थांना मी वकिलांकडे पाठवलं. माझ्याकडे त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं.

रेरा नंबर म्हणजे हमी? नाही. नोंदणी चांगलीच आहे, रेरा येण्याआधीचे, २०१७ पूर्वीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा. १० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे तर आधी करार नोंदवावा लागतो, गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबला तर व्याजासह परतावा मागता येतो. पण मागता येणं आणि मिळणं यात जिल्हाधिकाऱ्यांच्या वसुलीचा रस्ता आहे, आणि तो लांब आहे. नंबर म्हणजे दार उघडलं एवढंच. आत जाऊन महारेराच्या पानावर मूळ तारीख काय होती, किती वेळा वाढली, जमिनीवर कर्ज आणि दावे किती, हे वाचायला वीस मिनिटं लागतात. वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

करबचतीचं थोडक्यात. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण उरलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत येतो, वर्षाला २ लाखांपर्यंत. भाचा नव्या प्रणालीत आहे. त्याला ते सोमवारी ऑफिसात विचारून कळलं.

आणि 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' ही मेसेजच्या शेपटाची ओळ, ती तर माझ्या पोटावरच पाय आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची.

मग नवशिक्याने काहीच करू नये का? भाच्याने हेच विचारलं, जरा चिडूनच. मी म्हटलं, तू जिथे नोकरी करतोस त्या हिंजवडीतल्या काही ऑफिस पार्कांची मालकी एम्बसी रीटकडे आहे (रीट म्हणजे अनेकांच्या पैशातून भाड्याच्या इमारती सांभाळणारा न्यास), २०१९ पासून त्याची युनिट्स शेअर बाजारात मिळतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये किमान गुंतवणुकीची अट कमी केल्यापासून एक युनिटही घेता येतं. भाव खाली-वर होतात, तिथेही तोटा होतो. पण पाच-दहा हजारांत जागेचं भाडं कसं येतं, कधी आटतं, ते तरी बघ. फ्लॅटच घ्यायचा तर घे. आधी एजंटकडून तीन कागद मागव : भोगवटा प्रमाणपत्र, विकणाऱ्याचा इंडेक्स टू आणि सोसायटीचं येणे-बाकी नसल्याचं पत्र.

शनिवारी त्याने मागितले. उत्तरात ब्रोशर आलं. पुन्हा मागितले तर आलं, "सर, उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय." रविवारी दुपारी भाचा आमच्याकडे जेवायला होता. एका हाताने वरणभात कालवत, दुसऱ्या हाताने मोबाइलवर त्या इमारतीचे जुने दस्त शोधत होता. तेवढ्यात थांबला.

"मामा, याच विंगमधला चौथ्या मजल्यावरचा, एवढाच फ्लॅट २०१९ मध्ये ५७ लाखांना गेलाय. आणि हा मला ६० सांगतोय."