घशात चुना घालायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

'टॉन्सिल सुजलेत? डॉक्टरची गरज नाही, हे पाच घरगुती उपाय करा' असा एक मेसेज फिरतोय. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून तो वहिनीपर्यंत पोचला. सात वर्षांच्या पुतण्याचा घसा दुखत होता. मी गेलो तेव्हा ओट्यावर पानाच्या टपरीवरून आणलेली चुन्याची पुडी आणि वाटीत हळद तयार होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला उपाय तोच: बोटाला हळद-चुना लावून टॉन्सिल दाबा, पू निघून जाईल. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानात तो जरा जास्त झाला तरी तोंड भाजतं, आणि हे लोक तो लेकराच्या सुजलेल्या घशात चोळायला सांगतात! टॉन्सिलमागे खरोखर पू साठला असेल तर तो डॉक्टर सुईने किंवा छेद देऊन काढतात, बोटाने नाही. श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप सुजली असेल, तर घशात बोट किंवा चमचा घातल्याने श्वासच बंद पडू शकतो. 'आमच्या आजीने दाबले, बरे झालो' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: बहुतेक घसादुखी विषाणूची असते आणि आठवडाभरात आपली आपण जाते. चुन्याने काही केलेलं नसतं.

दुसरा उपाय, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या. विषाणूवर त्या चालतच नाहीत. दुखणं स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचं असेल, तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स साधारण 10 दिवसांचा असतो, तोही डॉक्टरांनी तपासून दिलेला.

तिसरा मुद्दा वरवर साधा, पण मला सगळ्यात जास्त संताप याचाच आला: 'पांढरे ठिपके दिसले तरी पंधरा दिवस वाट बघा.' अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2009 मध्येच स्पष्ट लिहिलंय की, स्ट्रेपचे उपचार दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत सुरू झाले तर संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर, टाळता येतो. घसा तर औषधाशिवायही बरा होतो, पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना हा धोका सर्वाधिक. पंधरा दिवस थांबायचं कुणाच्या भरवशावर?

'थंड अजिबात नको' हेही खरं नाही; बर्फाचा तुकडा चघळला तर मोठ्या माणसाला आराम पडतो.

मिठाच्या गुळण्यांचं मात्र बरोबर आहे, मान्य. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मध चालेल, पण वर्षाखालच्या बाळाला बिलकूल नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या, मुलांना वजनाप्रमाणे. यातून आराम मिळतो, स्ट्रेप जात नाही.

लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, एकाच बाजूला सूज आहे, श्वास घेताना आवाज येतोय किंवा घशात करडा पापुद्रा दिसतोय (हा घटसर्प असू शकतो), तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. कळव्याचं पालिकेचं रुग्णालय असो की जवळचं दुसरं कुठलं, थेट कॅज्युअल्टी गाठा. मुलाला आडवं करू नका, बसवूनच न्या, आणि वाटेत घशात काहीही घालू नका.