मेली नव्हती, झोपली होती

आज सकाळी सातच्या सुमारास एका बागेत कॉसमॉसच्या फुलावर एक मधमाशी निपचित बसली होती. अंगावर दव, मिशा खाली ओघळलेल्या. बागकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेलीय." देठासकट फूल खुडून पाचोळ्याच्या बादलीत टाकलं आणि लगेच रोपावर साबणाचं पाणी फवारलं. थोड्या वेळाने बादलीवर ऊन आलं आणि आतून पंखांची थरथर ऐकू आली. डोक्यात तिडीक गेली, म्हणून लिहितोय.

अहो, माश्या झोपतात! पोळ्यातल्या मधमाश्या रात्री पोळ्यातच झोपतात, पण मधमाश्यांच्या कुळातल्या बहुतेक जाती पोळं करतच नाहीत. एकांडी मादी आपल्या बिळात झोपते. नराला घरच नसतं. अंधार पडला की तो फुलाच्या मध्यावर अंग टेकतो, नाहीतर वाळक्या काडीला जबड्याने गच्च चावून लटकतो. निळ्या पट्टेवाल्या माश्यांचे नर तर संध्याकाळी एकाच काडीवर रांगेने जमतात, पुन्हा पुन्हा त्याच काडीवर. आपण ती 'वाळकी काडी' म्हणून छाटतो. छाटायचंच असेल तर भर उन्हात छाटा, आणि थोड्या काड्या राहू द्या.

गारठ्यात माशी हलत नाही, कारण तिला हलता येत नाही. आधी छातीतले उडायचे स्नायू तापावे लागतात. बंबलबीला (ही मोठी, केसाळ माशी) त्यासाठी छातीत साधारण 30 अंश सेल्सिअस लागतात. म्हणून उडण्याआधी ती थरथरते. बादलीतली थरथर ती हीच.

मेलीय की झोपलीय हे कळायला वाकून बघा. झोपलेलीची पकड घट्ट असते आणि पोट बारीक आत-बाहेर होत असतं. पाय आखडून कुशीवर पडली असेल, जीभ बाहेर लोंबत असेल, तर मात्र बहुधा गेली. पाकळीखालीही बघा, खेकडा-कोळी तिला धरून बसलेला असू शकतो. तासभर चांगलं ऊन मिळूनही हलली नाही, तर दोन चमचे पांढरी साखर एक चमचा पाण्यात विरघळवा आणि एकच थेंब तोंडापुढे ठेवा. मध कधीच नको, त्यातून पोळ्यांचे रोग पसरतात. साखरपाण्याच्या वाट्या भरून ठेवणंही नको.

आता फवारणी. "संध्याकाळी फवारा, तेव्हा माश्या नसतात" हे सगळे सांगतात. पोळ्यातल्या माश्यांपुरतं खरं आहे, मान्य. पण हे नर तेव्हाच फुलावर येऊन बसलेले असतात! साबणाचं पाणी 'घरगुती' असलं तरी अंगावर पडलं की मऊ अंगाचा किडा मरतो तशी माशीही मरू शकते. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पानांमागे आणि कोवळ्या शेंड्यांवर असतो, तेवढंच फवारा. उमललेल्या फुलावर थेंबही नको. आणि पाणी मुळाशी घाला, पाइपचा झोत फुलांवर कशाला?

त्या बाईंचाही राग धरवत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर त्याच वाकून बघत होत्या. माशी बादलीच्या काठावर चढली, पुढच्या पायांनी एकेक मिशी पुसली. नरच होता, म्हणजे डंखही नाही. मग उडाला.

संध्याकाळी त्याच वाफ्याकडे येईल. ते फूल तिथे नसेल.