शेवाळाची बाटली म्हणजे युरियाची गोण नव्हे

लावणी आटोपून गावाहून मुंबईला परतलो, तोवर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी टाकला होता : 'भातावर समुद्री शेवाळाचा अर्क मारा, युरिया कायमचा बंद! करपा रोगही जातो. विकत कशाला घेता? मुंबईकरांनो, चौपाटीवरून पोतंभर शेवाळ आणा नि घरीच उकळा. नैसर्गिक आहे, कितीही मारा.'

आधी युरियाचं बघू. युरियातून पिकाला मिळतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. कोकणात भाताला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 40. अर्काच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत थेंबन्‌थेंब नत्रच आहे असं धरलं, तरी भरेल जेमतेम अर्धा-पाऊण किलो. बाकीचं कुठून आणायचं? अर्क म्हणजे पिकाचं जेवण नव्हे. त्यातली ऑक्झिन, सायटोकायनिन ही संप्रेरकं अगदी थोड्या प्रमाणात वाढीला चालना देतात, इतकंच. कप्पाफायकस या समुद्री शेवाळाच्या रसाने भाताचं उत्पन्न वाढल्याचे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या प्रयोगांत रस खताच्या जोडीला दिला होता.

खरा धोका उकळण्यात आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. ते शेवाळाला चिकटून घरी येतं आणि आटवलं की आणखी घट्ट होतं. खारबंदिस्ती फुटून शेतात भरतीचं पाणी शिरल्यावर भाताचं काय होतं, हे आपल्या लोकांना मी सांगायला नको. त्यात मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी येतं आणि शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं. कप्पाफायकसचा रस असा उकळून काढत नाहीत; लागवड केलेलं ताजं शेवाळ दळून, गाळून काढतात. चौपाटीवर कुजत पडलेला माल तो नव्हे.

करप्याचं म्हणाल तर 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकं, म्हणजे शेवाळाच्या अर्कासारखी वाढीला चालना देणारी उत्पादनं आली, तेव्हाच त्यांच्या व्याख्येतून कीड-रोगनाशकं वगळली गेली. विक्रेता करपा घालवायची हमी देत असेल तर बाटली तिथेच ठेवा. आणि 'कितीही मारा'? संप्रेरकाची मात्रा जास्त झाली की वाढ उलट खुंटते.

मेसेजमध्ये वेळेबद्दल तर अवाक्षर नाही. फवारणी फुटव्यांच्या वेळी करायची, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. उघडीप न बघता पंप पाठीला लावला आणि पानात मुरायच्या आत सर आली, तर बाटलीचे पैसे बांधावरून थेट पऱ्यात.