लूट बॉक्स आहेत म्हणून गेम परवडतात म्हणे!

गेमिंगवाल्या मंडळींत एक युक्तिवाद सारखा फिरत असतो. गेमची किंमत वर्षानुवर्षं जवळपास तिथंच आहे, बनवायचा खर्च मात्र आभाळाला भिडलाय, आणि मधली तूट लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळता विकत घ्यायच्या गेममधल्या पेट्या, भरून काढतात. ज्याला नको त्यानं घेऊ नये, जबरदस्ती कुणाची नाही. उलट हे उत्पन्न बंद झालं तर गेम बनवणारेच घरी बसतील.

ऐकायला सगळं रास्त वाटतं. पण एकेक मुद्दा सोलून बघितला की फार काही हाती लागत नाही. मी बोलतोय ते रोख पैसे मोजून घेतलेल्या गेमबद्दल. फुकटात मिळणाऱ्या बीजीएमआयनं स्किन, म्हणजे पात्रांचे आणि हत्यारांचे नवे वेश, विकून पोट भरलं तर माझी फारशी तक्रार नाही.

किंमतीचा मुद्दा निम्मा खरा आहे. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली आणि २०२० पर्यंत तिथंच राहिली. महागाई धरली तर गेम स्वस्तच झाला म्हणायचा. (पीएस५ च्या गेमला ४,९९९ रुपये मोजताना आपल्याला तसं वाटत नाही, हा भाग वेगळा.) पण किंमत कमी म्हणून आतली दुकानदारी लागत असेल, तर किंमत वाढल्यावर ती थांबायला नको का? २०२० मध्ये नव्या कन्सोलसाठी ७० डॉलरचा आकडा सगळ्यात आधी जाहीर केला तो एनबीए २के२१ या बास्केटबॉलच्या गेमनं. त्यातली व्हर्च्युअल करन्सीची, म्हणजे गेमपुरत्या चलनाची, विक्री जिथल्या तिथं राहिली. वर त्याच गेमच्या जुन्या कन्सोलवरच्या आवृत्तीत ऑक्टोबरात सामना सुरू व्हायच्या आधी स्किप न करता येणारी जाहिरात दिसू लागली. लोकांनी बोंब मारल्यावर कंपनी म्हणाली, आमचा तसा हेतू नव्हता, पुढं दुरुस्त करू. पैसे वाढवून घेतले, करन्सीही विकली आणि वर जाहिरातही दाखवली.

खर्च वाढलाय, हे मात्र शंभर टक्के खरं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीनं कागदपत्रं दिली, तेव्हा गोपनीय आकडे काळ्या मार्करनं खोडले होते. स्कॅन केल्यावर ते आरपार दिसले! 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला सुमारे २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला २१.२ कोटी. आता गंमत बघा. एवढ्या खर्चाच्या या दोन्ही गेममध्ये लूट बॉक्स नाहीत. लूट बॉक्सचं खरं आगर आहे ते दरवर्षी नव्या नावानं येणाऱ्या फुटबॉलच्या गेममध्ये. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात असे गेम काढणाऱ्या ईए कंपनीला निव्वळ 'अल्टिमेट टीम' मधून, म्हणजे पॅक उघडून खेळाडूंची कार्डं जमवत संघ बांधायच्या प्रकारातून, १६२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे कंपनीच्या उत्पन्नाच्या जवळपास २९ टक्के. याला तूट भरून काढणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

नोकऱ्यांचा मुद्दा पटकन उरकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीनं २०१८ हे विक्रमी वर्ष ठरल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी आठ टक्के माणसं, म्हणजे जवळपास ८०० जण, कमी करत असल्याचंही जाहीर केलं. पुढं मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी ६,८७० कोटी डॉलरला घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना नारळ दिला. आपण स्किन घेतली काय न घेतली काय, त्या पोरांचं भवितव्य आपल्या खिशातून ठरत नाही.

उरतं ते 'नको तर घेऊ नका'. इथंच घोडं पेंड खातं. कारण विकायची वस्तू गेममध्ये बसवायची म्हटली की न घेणाऱ्याचाही गेम बिघडवावा लागतो. नाहीतर कोण कशाला घेईल?

ईएचाच २०१७ चा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' आठवा. डार्थ व्हेडरसारखं गाजलेलं पात्र (गेमच्या भाषेत 'हिरो') घेऊन खेळायचं तर गेममधले ६०,००० क्रेडिट लागत. एका खेळाडूनं हिशोब मांडला, एका हिरोसाठी साधारण ४० तास. चाळीस तास राबा, नाहीतर पैसे टाकून क्रेट, म्हणजे लूट बॉक्सच, उघडत बसा. ईएनं उत्तर दिलं की हिरो मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून ही रचना आहे. त्या उत्तराला रेडिटवर पावणेसात लाखांच्या आसपास डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले, गिनीज बुकात नोंद झाली. मग हिरोंची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली. पण कॅम्पेन, म्हणजे गेममधली एकट्यानं खेळायची कथा, पूर्ण केल्याचं बक्षीसही २०,००० वरून ५,००० वर आणलं. शेवटी जगभर विक्री सुरू व्हायच्या आदल्या रात्री खरे पैसे देऊन करायची खरेदीच बंद केली. २०१८ मध्ये ती परत आली ती फक्त दिसण्याच्या गोष्टींपुरती. तरी एप्रिल २०२० पर्यंत नवे हिरो आणि नकाशे त्या गेममध्ये फुकट येत राहिले.

'फिफा' नावानं गाजलेल्या ईएच्या फुटबॉल गेममध्ये हेच जास्त सफाईनं चालतं. पॅक उघडला की आधी देशाचा झेंडा, मग खेळण्याची जागा, मग क्लबचं चिन्ह, एकेक करून दाखवतात. ब्राझीलचा झेंडा दिसला की जीव वरखाली होतो, पुढच्या क्षणी 'लेफ्ट बॅक' दिसतं आणि तोंडाची चव जाते. फिफा १९ पासून कुठलं कार्ड निघायची शक्यता किती ते जाहीर करायला लागले खरे, पण भारी कार्डांपुढं '१ टक्क्याहून कमी' एवढंच लिहिलेलं असायचं. १ टक्क्याहून कमी म्हणजे ०.९ की ०.०१, ते ईएला ठाऊक. पैसे न टाकता खेळणाऱ्याला ऑनलाइन समोर हे पॅक विकत घेणारेही भिडतात. आणि वर्षभर जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

बेल्जियमच्या गेमिंग कमिशननं एप्रिल २०१८ मध्ये फिफा १८, ओव्हरवॉच आणि काउंटर स्ट्राइकमधल्या अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. ईएनं आधी ताणून धरलं, मग जानेवारी २०१९ अखेर तिथं फिफा पॉइंट्स, म्हणजे पॅक घ्यायला लागणारं चलन, विकणं थांबवलं. खेळून मिळवलेले पॅक तिथं चालूच राहिले, आणि पुढचा फिफाही ठरल्याप्रमाणे त्याच वर्षी बेल्जियमच्या दुकानांत आला.