कार्डावर विमा कंपनीचे नाव असले तरी राज्याचा विमा कायदा लागू होतोच असे नाही

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: 'आरोग्य आणि अपघात विम्याची प्रत्येक कंपनी राज्याच्या विमा कायद्याखाली येते, क्लेम नाकारला तर थेट राज्याच्या विमा आयुक्तांकडे तक्रार करा.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण संदेश अर्धाच खरा आहे.

विम्याचे नियमन राज्ये करतात, हा त्यातला पहिला भाग बरोबर आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते काम राज्यांकडेच ठेवले. स्वतः विकत घेतलेली आरोग्य किंवा अपघात पॉलिसी सहसा त्यातच मोडते.

'प्रत्येक कंपनी' हे मात्र चूक आहे. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या पैशातून भागवतात आणि कार्डावर जिचे नाव छापलेले असते ती विमा कंपनी मोबदला घेऊन फक्त बिले तपासते व चुकती करते. १९७४ च्या 'एरिसा' या केंद्रीय कायद्यानुसार अशा सेल्फ-फंडेड योजनेला राज्याने विमा कंपनी मानायचे नाही. पेनसिल्व्हेनियात मोटार अपघातात जखमी झालेल्या मुलीच्या उपचारांवर केलेला खर्च तिला मिळालेल्या भरपाईतून वसूल करू पाहणाऱ्या सेल्फ-फंडेड योजनेला अशा वसुलीला मनाई करणारा राज्याचा कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एफएमसी विरुद्ध हॉलिडे या खटल्यात दिला. त्या कुटुंबासाठी हा निकाल किती कठोर होता, हे वेगळे सांगायला नको.

टेक्साससारख्या राज्यात कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' ही अक्षरे असली, तर योजना राज्याच्या विमा विभागाच्या देखरेखीखाली आहे असे समजावे. इतरत्र एचआरला लेखी विचारावे: योजना सेल्फ-फंडेड आहे का?

मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअर या केंद्रीय आरोग्य विम्याच्या योजना, खासगी कंपन्या चालवत असल्या, तरी तिथे राज्याच्या हाती परवाना आणि आर्थिक सक्षमता एवढेच उरते. सदस्य एकमेकांच्या उपचारांचा खर्च वाटून घेतात अशा धार्मिक खर्चवाटप संस्थांना तर अनेक राज्यांनी विमा कायद्यातून स्पष्टपणे वगळले आहे.

'थेट आयुक्तांकडे' हा सल्ला सर्वांत धोकादायक आहे. नकार मिळाल्यावर योजनेकडेच अपील करायला साधारणपणे १८० दिवस असतात. तेही फेटाळले गेले, तर बाह्य पुनरावलोकन (योजनेबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी) लागू असेल तिथे ते मागायला चार महिने मिळतात. सेल्फ-फंडेड योजनेची तक्रार केंद्रीय कामगार खात्याकडे करायची असते, आणि राज्याच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेले दिवस त्या १८० मधूनच वजा होतात.