आठवलंच पाहिजे असं थोडंच आहे?

‘मागचा जन्म आठवला नाही, तर पुनर्जन्माच्या कथेत उरतं काय?’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला काही पटलं नाही. गीतेच्या ४थ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सरळ सांगतो, तुझे-माझे पुष्कळ जन्म झाले. मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. आठवत नाहीत म्हणून अर्जुनाचे जन्म खोटे ठरतात का?

मीही पुनर्जन्मावर एक कादंबरी लिहायला घेतली होती. नायकाला तिसऱ्याच पानावर सगळं आठवलं आणि पुढे नुसती जुनी उधारी वसूल करणं सुरू झालं. आत्मा, काळ वगैरे राहिलं बाजूलाच! शेवटी आठवणी काढून टाकल्या. एवढंच ठेवलं : अंधारात कडी शोधताना त्याचा हात नेहमी डावीकडे जातो, कडी असते उजवीकडे. वाचणाऱ्या मैत्रिणीने तिथेच विचारलं, ‘हा आधी कुठे राहायचा?’