मडी वॉटर्स कुणाला 'सापडला' नव्हता

"१९४१ साली मिसिसिपीच्या कापसाच्या रानात ॲलन लोमॅक्स या गोऱ्या संशोधकाला एक अनाम मजूर गाताना सापडला. लोमॅक्सने त्याचं अस्सल रानातलं गाणं यंत्रावर घेतलं. मजुराने जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला, दुसऱ्याच दिवशी शिकागोची गाडी पकडली आणि जगाला मडी वॉटर्स मिळाला." ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकीतला मोठा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याच्याबद्दलचा हा मजकूर पुन्हा फिरू लागलाय. ती रेकॉर्डिंग्ज मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून गप्प बसवत नाही. स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकून तो हरखला होता, हे मात्र खरं. पुढे त्यानेच ते सांगितलंय. बाकीचं एकेक करून बघू.

आधी 'लोमॅक्सला सापडला' हे. लोमॅक्स एकटा नव्हता आणि मूळ कल्पनाही त्याची नव्हती. एप्रिल १९४० मध्ये मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी एका नाचघराला आग लागून दोनशेहून जास्त कृष्णवर्णीय माणसं गेली. या आगीवर लोक गाणी रचतील, ती वेळीच टिपली पाहिजेत, असं सुचलं ते जॉन वर्क यांना. हे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक, स्वतः कृष्णवर्णीय आणि संगीतकार. मदतीसाठी विद्यापीठाने लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, विचारणा केली आणि तिथून लोमॅक्स या कामात आला. अभ्यासाची जागा पुढे बदलून मिसिसिपीतलाच कोआहोमा काउंटी हा जिल्हा ठरली. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस स्टोव्हॉल मळ्यावरच्या मडीच्या लाकडी खोपटात वर्क आणि लोमॅक्स दोघेही होते. लोमॅक्सने आपल्या आठवणी १९९३ मध्ये छापल्या, त्यात १९४१ आणि १९४२ या दोन फेऱ्यांची सरमिसळ झाली आणि वर्क जेमतेम उरले. वर्क यांचं स्वतःचं लिखाण दरम्यान गहाळ झालं होतं. ते छापून यायला २००५ उजाडलं. इतकी वर्षं मागे ढकललेल्या माणसाला आपण एका फॉरवर्डमध्ये पुन्हा पुसून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

'अनाम मजूर' हेही तितकंच चुकीचं. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड (हे मडीचं खरं नाव) मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा हे खरं. पण शनिवारी रात्री त्याच्याच घरात गुत्ता भरायचा. हातभट्टीची दारू, जुगार आणि त्याचं गाणं. म्हणून तर चौकशी करत आलेल्या लोमॅक्सला तो आधी दारू पकडायला आलेला सरकारी माणूस समजला. तो ज्यांच्या ताफ्यात गायचा, त्या हेन्री सिम्सनी ब्लूजचा जुना नामवंत गायक चार्ली पॅटन याच्याबरोबर रेकॉर्डवर फिडल वाजवून दहा-बारा वर्षं झाली होती. लोमॅक्स ज्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-गिटारवादकाच्या शोधात होता तो १९३८ मध्येच वारला होता. जॉन्सनच्या तोडीचं कोण वाजवतं, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

आता 'अस्सल रानातलं गाणं'. इथे जरा थांबायला हवं. १९४१ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये 'कंट्री ब्लूज' हे गाणं गाऊन झाल्यावर लोमॅक्स विचारतो, हे कधी रचलंस? मडी सांगतो, १९३८ च्या ऑक्टोबरात, आठ तारखेच्या सुमारास. गाडीचं पंक्चर काढत होतो, एका पोरीने दुखवलं होतं, मनात आलं आणि गायलो. याच चालीची आणखी गाणी आहेत का, असं विचारल्यावर म्हणतो, हे कापसाच्या रानातून आलंय, रॉबर्ट जॉन्सन नावाच्या पोराने त्याची रेकॉर्डही काढली. पण रेकॉर्डच्या आधीच चाल माझ्या कानावर होती, मी ती सन हाऊस या ब्लूज गायकाकडून शिकलो. दोन-चार वाक्यांत पंक्चर, पोरगी, रान, रेकॉर्ड आणि गुरू! आणि त्याला यात कुठेच विसंगती वाटत नाही. आपल्याकडेही चाल गुरूची, जागा घराण्याच्या आणि तरी गाणं गाणाऱ्याचं असतं, तसंच हे. फिस्कच्या लोकांनी त्याला येणाऱ्या गाण्यांची यादी केली, तर तीत जीन ऑट्रीची काउबॉय गाणी निघाली, 'चॅटनूगा चू चू' हे तेव्हाचं लोकप्रिय गाणं निघालं. गुत्त्यावर लोक जे मागतील ते वाजवणारा हा व्यावसायिक होता.

'दुसऱ्याच दिवशी शिकागो' तर सरळसरळ खोटं. १९४२ च्या जुलैमध्ये लोमॅक्स परत आला तेव्हा मडी तिथेच होता, सिम्सच्या ताफ्यासह पुन्हा गायला. मळा सोडला तो मे १९४३ मध्ये, आणि तोही मजुरीवरून. ट्रॅक्टरचे तासाला साडेबावीस सेंट मिळत, त्याने पंचवीस मागितले, मुकादमाने धुडकावलं. अडीच सेंटांची ती गोष्ट आहे. शिकागोतही कुणी हार घेऊन उभं नव्हतं. कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला, इलेक्ट्रिक गिटार घेतली. १९४६ मध्ये कोलंबियासाठी केलेली रेकॉर्डिंग्ज कंपनीने तेव्हा काढलीच नाहीत.

नाव झालं १९४८ मध्ये. ॲरिस्टोक्रॅट कंपनीने काढलेल्या त्या रेकॉर्डच्या एका बाजूला होतं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड', दुसऱ्या बाजूला 'आय फील लाइक गोइंग होम'. पहिल्या प्रती हातोहात खपल्या. ही दोन्ही गाणी म्हणजे मळ्यावर गायलेली 'आय बीज ट्रबल्ड' आणि 'कंट्री ब्लूज'. गिटार विजेची, सोबतीला बिग क्रॉफर्डचा बेस, इतकाच काय तो फरक. दोन्ही पाठोपाठ लावून ऐका. बोटात घातलेली नळी तारेवरून सरकत वर चढते, शब्दाचं शेपूट गळ्याऐवजी गिटारच पुरं करते, हे सगळं १९४१ मध्येच तयार आहे.

मळ्यावरच्या त्या गाण्यांबद्दल लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून त्याला वीस डॉलर आणि रेकॉर्डच्या दोन प्रती मिळाल्या. एक प्रत त्याने नाक्यावरच्या ज्यूकबॉक्समध्ये लावली. रेकॉर्ड हातात धरून काढलेला त्याचा एक फोटो आहे. त्यात तो सूट घालून बसलाय.